नकोसा, नकोशी, नकुशी : नापसंतीदर्शक विशेषणाचा अर्थ आणि उपयोजन

घटक ३

३.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
१. 'अनवाँटेड' या इंग्रजी विशेषणाची घडण आणि त्याचा अर्थ सांगता येईल.
२. 'नकोसा', 'नावडता', 'अनिष्ट', 'अवांछित' या मराठीतील पर्यायी शब्दांमधील अर्थभेद ओळखता येतील.
३. नापसंती नेमकी कोणाची आहे, हे वाक्यरचनेवरून शोधता येईल.
४. विशेषणाचे विशेषनाम झाले म्हणजे अर्थाचे काय होते, हे 'नकुशी' या नावाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
५. वृत्तलेखनात आणि भाषांतरात अशा शब्दांचा जबाबदारीने वापर करता येईल.

३.२ प्रस्तावना

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा जगभरच्या वृत्तपत्रांत झळकला. 'नकुशी' किंवा 'नकोशी' हे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्यातील २८५ मुलींना त्या महिन्याच्या २२ तारखेला सातारा येथे झालेल्या समारंभात नवी नावे देण्यात आली. परदेशातील वाचकाला या नावाचा अर्थ कळावा म्हणून इंग्रजी वार्ताहरांनी एक विशेषण वापरले : 'अनवाँटेड'. भाषांतर म्हणून ते चुकीचे नव्हते. तरीही मराठी माणसाला ते वाचताना काहीतरी निसटल्यासारखे वाटते. 'नकोशी' या शब्दात जे ऐकू येते ते सगळे 'अनवाँटेड'मध्ये येत नाही, आणि 'अनवाँटेड'मध्ये जे दडलेले आहे ते 'नकोशी'मध्ये तसेच दडून राहत नाही.

हा फरक कशामुळे पडतो, हा या घटकाचा विषय आहे. विशेषण म्हणजे नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द, ही व्याख्या आपण शालेय व्याकरणात शिकलो आहोत. 'काळा घोडा', 'उंच झाड', 'तिखट मिरची' या उदाहरणांत काळेपणा घोड्याचा, उंची झाडाची आणि तिखटपणा मिरचीचा असतो. 'नकोशी मुलगी' या पदबंधाची रचनाही वरवर पाहता अशीच आहे. मग नकोसेपणा हा मुलीचा गुण आहे काय? तो तसा नाही, हे आपल्याला मनोमन कळते. तो दुसऱ्या कोणाच्या तरी मनातील भाव आहे. व्याकरणाने मात्र तो मुलीच्या नावापुढे आणून ठेवला आहे. नापसंतीदर्शक विशेषणांचा अभ्यास करताना हा मुद्दा सतत लक्षात ठेवावा लागतो.

३.३ विषय विवेचन

३.३.१ 'अनवाँटेड' : इंग्रजी विशेषणाची घडण

'अनवाँटेड' या शब्दाचे तीन घटक पडतात. 'अन' हा नकारदर्शक उपसर्ग, 'वाँट' हा 'हवे असणे' या अर्थाचा धातू आणि 'एड' हा प्रत्यय. या प्रत्ययाने धातूपासून कर्मणी अर्थाचे धातुसाधित तयार होते. शब्दाचा शब्दशः अर्थ 'जो इच्छिला गेलेला नाही असा' एवढा होतो.

कर्मणी रचनेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात कर्त्याचा उल्लेख करणे बंधनकारक नसते. 'आंबा खाल्ला गेला' या वाक्यात आंबा कोणी खाल्ला हे सांगितले नाही, तरी वाक्य पूर्ण होते. कर्मणी धातुसाधितापासून झालेल्या विशेषणात तर कर्ता बहुधा नसतोच. इंग्रजीत 'अनवाँटेड कॉल्स', 'अनवाँटेड गिफ्ट' असे म्हटले जाते, तेव्हा ते फोन किंवा ती भेटवस्तू कोणाला नको आहे हे संदर्भावरून समजून घ्यायचे असते. निरुपद्रवी वस्तूंच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. माणसाविषयी बोलताना मात्र नाकारणारा पडद्याआड जातो आणि नाकारलेली व्यक्ती तेवढी समोर उभी राहते.

याच कुळातील आणखी दोन शब्दांशी तुलना केल्यास अर्थाची सीमा स्पष्ट होते. 'अनवेलकम' म्हणजे ज्याच्या येण्याचे स्वागत नाही असा. या शब्दात येण्याची क्रिया गृहीत आहे, म्हणून तो पाहुणा, बातमी, सल्ला यांना शोभतो. 'अनडिझायरेबल' म्हणजे इच्छा करण्यास योग्य नाही असा. येथे एका व्यक्तीची नावड सर्वांच्या वतीने दिलेल्या निकालाचे रूप घेते, म्हणून तो कार्यालयीन आणि न्यायनिवाड्याच्या भाषेत आढळतो. 'अनवाँटेड' या दोहोंच्या मधला आहे. तो निकाल देत नाही, परंतु नाकारणाऱ्याचे नावही घेत नाही.

३.३.२ संस्कृत वळणाचे पर्याय : अनिष्ट आणि अवांछित

'अनवाँटेड'ला प्रतिशब्द म्हणून शब्दकोशात आणि कार्यालयीन मराठीत 'अनिष्ट' आणि 'अवांछित' हे दोन शब्द प्रथम पुढे येतात. त्यांची घडण इंग्रजी शब्दाशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. 'इष्' म्हणजे इच्छिणे. या धातूला 'क्त' प्रत्यय लागून 'इष्ट' म्हणजे 'इच्छिलेले' हे धातुसाधित होते, आणि त्यामागे नकार जोडून 'अनिष्ट' तयार होते. 'वाञ्छ्' धातूपासून 'वांछित' आणि 'अवांछित' हे शब्द याच रीतीने घडले. म्हणजे संस्कृतातही नकार, इच्छार्थक धातू आणि कर्मणी प्रत्यय असेच तीन घटक आहेत. येथेही कर्ता अनुल्लेखित आहे.

आता 'अनिष्ट' या शब्दाचा आजचा मराठीतील वापर पाहा. 'अनिष्ट रूढी', 'अनिष्ट परिणाम', 'अनिष्ट शक्ती' असे आपण लिहितो. 'कोणीतरी न इच्छिलेली रूढी' असा अर्थ यातून कोणीही घेत नाही. 'वाईट, घातक रूढी' असाच घेतो. 'इच्छिलेले नाही' येथून निघालेला शब्द 'मुळातच वाईट आहे' येथे येऊन पोहोचला. कर्ता सुटला, मग इच्छेचा संदर्भ विसरला गेला आणि शेवटी नापसंती हा वस्तूचाच गुण ठरला. अर्थपरिवर्तनाची ही दिशा ध्यानात ठेवावी, कारण पुढे एका मुलीच्या नावाच्या बाबतीत हीच वाट आपल्याला पुन्हा दिसणार आहे.

३.३.३ देशी मराठीतील 'नको' आणि 'नकोसा'

देशी मराठीची पद्धत मुळातच वेगळी आहे. कोरेगावच्या बाजारात भाजीवाल्याने मेथीची जुडी पुढे केली आणि गिऱ्हाईक म्हणाले, 'आज नगं', तर एका शब्दात व्यवहार संपतो. प्रमाण मराठीत 'नको' आणि सातारा-सांगलीकडच्या ग्रामीण बोलीत 'नगं' असा उच्चार असणारा हा शब्द मराठीतील नकारव्यवस्थेचा महत्त्वाचा भाग आहे. त्याचे दोन प्रमुख उपयोग आहेत :

अ) निषेध : 'तू जाऊ नको', 'तुम्ही जाऊ नका'.
आ) नकार किंवा अनिच्छा : 'मला चहा नको', 'आजोबांना गोड नको'.

आपल्या दृष्टीने दुसरा उपयोग महत्त्वाचा आहे. 'मला', 'आजोबांना' ही रूपे पाहा. ज्याला नको आहे ती व्यक्ती येथे '-ला', '-ना' हे प्रत्यय घेऊन वाक्यात उपस्थित आहे. भाषाविज्ञानात अशा व्यक्तीला 'अनुभवकर्ता' म्हणतात. 'मला भूक लागली', 'तिला आनंद झाला', 'त्याला आंबा आवडतो' ही वाक्ये याच साच्यातील आहेत. भारतीय भाषांत ही रचना सर्वदूर पसरलेली आहे. आपल्या शेजारच्या कन्नड भाषेत 'बेड', तेलुगूत 'वद्दु' आणि तमिळमध्ये 'वेंडाम' हे शब्द जवळपास 'नको'सारखेच चालतात, आणि त्यांच्याही वाक्यांत ज्याला नको आहे तो 'ला'च्या अर्थाचा प्रत्यय घेऊन येतो.

'नको'चा विरोधी शब्द 'हवा'. या जोडीत एक लक्षणीय विषमता आहे :

मला मुलगा हवा. मला मुलगी हवी. मला मूल हवे.
मला मुलगा नको. मला मुलगी नको. मला मूल नको.

'हवा' हा शब्द लिंगानुसार बदलतो, 'नको' बदलत नाही. त्याला अनेकवचनात 'नकोत' असे रूप होते, पण लिंगभेद नाही. म्हणजे मराठी व्याकरणापुरते बोलायचे तर मागताना आपण लिंग पाहतो आणि नाकारताना ते पाहत नाही. समाजाने मात्र नेमके नाकारतानाच लिंग पाहिले.

'नको'ला '-सा' हा प्रत्यय लागून 'नकोसा' हे विशेषण सिद्ध होते. 'लहानसा', 'थोडासा', 'वेडासा' या शब्दांत '-सा' सादृश्य किंवा सौम्यता दाखवतो. 'जावेसे वाटते', 'खावेसे वाटते' या रचनांत तो मनातील ओढ दाखवतो. 'नकोसा'तील '-सा' या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा आहे. 'ज्याच्याविषयी मनात नको असा भाव उठतो तो' असा त्याचा अर्थ. म्हणूनच त्याच्यासोबत 'वाटणे', 'होणे', 'करणे' ही क्रियापदे येतात : 'दुपारचे ऊन नकोसे वाटते', 'आजाराने जीव नकोसा झाला', 'डासांनी झोप नकोशी केली'.

स्त्रीलिंगी रूपात 'सा'चा 'शी' होतो. 'असा-अशी', 'कसा-कशी', 'लहानसा-लहानशी' यांप्रमाणेच 'नकोसा-नकोशी'. पुढे बोलीत 'ओ'चा 'उ' होऊन 'नकुशी' झाले. 'कोणी-कुणी', 'कोठे-कुठे' या जोड्यांत हाच स्वरबदल आपल्या परिचयाचा आहे. 'नकुशी' हा शब्द असा ध्वनिदृष्ट्या सर्वस्वी नियमित आहे.

'नकोसा' आणि 'नावडता' यांतील भेदही येथे सांगितला पाहिजे. 'नावडता' हा 'आवडणे' या क्रियापदापासून बनला असून तो स्थिर नावड दाखवतो. श्रावणातील कहाण्यांत राजाची एक राणी आवडती असते आणि दुसरी नावडती, आणि कहाणी वळण घेईपर्यंत ती तशीच राहते. 'नकोसा' मात्र बहुधा तात्कालिक असतो. आवडीची पुरणपोळीदेखील चार दिवस सलग खाल्ली तर नकोशी होते, आणि महिन्याने पुन्हा हवीशी वाटते. 'नकोसे' होण्याला काळ असतो आणि तो काळ सरूही शकतो.

'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण या ठिकाणी आठवावी. मिठाचा गुणच खारटपणा, त्यामुळे मीठ अळणी असणे अशक्य. तरीही नावडतीने वाढलेले मीठ अळणी लागते. दोष मिठात नाही आणि वाढणारीतही नाही, तो चाखणाऱ्याच्या जिभेवर आहे. नापसंतीदर्शक विशेषणांविषयी आपण जो सिद्धान्त मांडत आहोत, तो लोकपरंपरेने एका म्हणीत केव्हाच सांगून ठेवला आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
खालील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) 'अनिष्ट' हा शब्द कोणत्या धातूपासून तयार झाला आहे?
आ) 'आईला गर्दी नकोशी वाटते' या वाक्यातील अनुभवकर्ता कोण?
इ) 'हवा' आणि 'नको' यांतील कोणता शब्द लिंगानुसार बदलतो?

३.३.४ विधिविशेषण, अधिविशेषण आणि विशेषनाम

आता एकाच शब्दाची तीन स्थाने क्रमाने पाहू.

पहिले स्थान : 'सासूला तिसरी नात नकोशी वाटली.' येथे 'नकोशी' नामानंतर आले आहे, म्हणून ते विधिविशेषण होय. या वाक्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत. कोणाला नकोशी वाटली? सासूला. केव्हा? भूतकाळात, नात जन्मली त्या वेळी. आणि हे वाटणे होते, वस्तुस्थिती नव्हती, हेही क्रियापद सांगते. असे वाक्य ऐकणारा सासूविषयी मत बनवतो, नातीविषयी नाही.

दुसरे स्थान : 'नकोशी नात.' विशेषण नामाच्या आधी आले, म्हणजे ते अधिविशेषण झाले. क्रियापद गेले आणि त्याबरोबर काळही गेला. 'सासूला नकोशी झालेली नात' असे म्हणून अनुभवकर्ता टिकवता येतो, पण तो टिकवणे आवश्यक राहिले नाही. येथे मराठी शब्द 'अनवाँटेड'च्या पातळीवर येतो.

तिसरे स्थान : 'नकुशी.' विशेषणाचे विशेषनाम झाले. आता अनुभवकर्ता नाही, काळ नाही आणि 'वाटणे'ही नाही. ज्या क्षणी कोणाला तरी काहीतरी वाटले होते तो क्षण गोठून कायमचा झाला. शाळेच्या हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर, लग्नपत्रिकेवर आणि मतदारयादीत तो तसाच उमटत राहिला. 'अनिष्ट' शब्दाला जो प्रवास करायला शतके लागली, तो येथे बारशाच्या एका दिवसात पूर्ण झाला.

विशेषनामाची आणखी एक बाजू आहे. विशेषण दुसऱ्याविषयी बोलताना वापरले जाते, तर नाव ज्याचे त्याला स्वतःही उच्चारावे लागते. शिक्षकांनी नाव विचारले की मुलीला 'माझे नाव नकुशी' असे उत्तर द्यावे लागते. 'नकुशे' अशी हाक आली की 'ओ' द्यावी लागते. घरातील कोणाच्या तरी मनातील नकार तिला स्वतःच्या तोंडाने, प्रथमपुरुषात आणि वर्तमानकाळात सांगावा लागतो. वाक्यातून पुसला गेलेला अनुभवकर्ता आपली जागा रिकामी सोडून गेला आणि त्या जागी मुलगीच येऊन उभी राहिली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

३.३.५ एक आक्षेप : दगडू, भिकाजी आणि धोंडू

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. विशेषनामाला अर्थ नसतो, ते केवळ ओळखीचे चिन्ह असते, असे तर्कशास्त्रात आणि भाषाविज्ञानात अनेकदा प्रतिपादन केले जाते. मराठीत दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकाजी अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो होते. त्या नावाने त्यांच्या कार्याला काही बाध आला नाही आणि नाव ऐकून कोणाला धोंडा आठवला नाही. मग 'नकुशी'चाच एवढा विचार का करावा?

याचे उत्तर शब्दार्थात नाही, नाव ठेवण्याच्या हेतूत आहे. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नवीन बाळाला मुद्दाम हलके नाव दिले जाई. दगड, केर, कचरा अशा नावाच्या मुलाला दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूही त्याच्याकडे पाहणार नाही, अशी श्रद्धा होती. 'भिकाजी' म्हणजे देवाकडे भीक मागून मिळवलेला. या नावांत तुच्छतेचे शब्द आहेत, पण ते पांघरूण आहे. आत 'हे मूल आम्हाला हवे आहे' हेच वाक्य आहे.

'नकुशी'मध्ये याच्या नेमके उलट घडते. मुलीमागून मुली झाल्या की, आता मुलगी नको आणि पुढचा मुलगा व्हावा, या आशेने हे नाव ठेवले जाई. नाव एका मुलीचे, पण त्यातील संदेश दैवासाठी, आणि आशा न जन्मलेल्या मुलाची. येथे पांघरुणाखाली दुसरा अर्थ नाही. जे वर आहे तेच आत आहे.

यावरून एक साधी कसोटी काढता येते. नाव ठेवण्याचे कारण त्या मुलाला मांडीवर घेऊन सांगता येते का? 'तू जगावास म्हणून तुला दगडू म्हटले' हे सांगता येते, आणि ऐकणारा सुखावतो. 'नकुशी'चे कारण मुलीला सांगणाऱ्याची मान खाली जाते.

शिवाय 'नको' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. जुने, अप्रचलित शब्द नावात राहिले तर त्यांचा अर्थ झिजून जातो. दिवसातून अनेक वेळा उच्चारला जाणारा शब्द नावात असेल, तर अर्थ झिजायला अवधी मिळत नाही. ताटात भाजी वाढताना कोणी 'नको' म्हणाले, तरी त्या मुलीच्या नावाचा पूर्वार्ध उच्चारला जातो.

ही रीत केवळ आपल्याच जिल्ह्याची नाही. तमिळनाडूत मुलींना 'वेंडाम' म्हणजे 'नको' हे नाव दिल्याची उदाहरणे आहेत. हरियाणात 'भतेरी' म्हणजे 'पुष्कळ झाल्या, पुरे' असे नाव आढळते. चीनमध्ये 'चाओदी' म्हणजे 'धाकट्या भावाला बोलावून आणणारी' असे मुलीचे नाव ठेवण्याची प्रथा होती. भाषाकुळे भिन्न आहेत, पण तिन्ही नावे मुलीला उद्देशून असूनही तिच्याविषयी काहीच सांगत नाहीत.

३.३.६ नामांतर आणि भाषेची मर्यादा

साताऱ्यातील नामांतराचा विचार या पार्श्वभूमीवर करावा. ०-६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेनुसार ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. ज्या काळात नकाराला गर्भलिंगनिदानाचे यंत्र मिळाले होते, त्या काळात केवळ नाव बदलून काय साधणार, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला असेल तर तो रास्त आहे. शब्द बदलल्याने वृत्ती आपोआप बदलत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाने प्रथम मान्य केले पाहिजे.

तथापि त्या समारंभातील एक तपशील भाषिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. त्यांतील काही मुलींनी आपले नवे नाव स्वतः निवडले. कोणी चित्रपट-अभिनेत्रीचे नाव घेतले, कोणी देवीचे, तर कोणी घरोघरी असते तसे साधे नाव पसंत केले. आजवर जिच्याविषयी इतरांनी 'नको' म्हटले होते, ती प्रथमच 'मला हे नाव हवे' असे म्हणाली. ज्या वाक्यात तिला स्थान नव्हते त्या वाक्यात ती अनुभवकर्ती म्हणून आली. केवळ २८५ शब्द बदलले असे न म्हणता २८५ वाक्यांची रचना बदलली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

नव्या नावाला पुढे शाळेचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे खातेपुस्तक अशा प्रत्येक कागदावर आपली जागा मिळवावी लागते. प्रौढ स्त्रीला नाव बदलायचे तर शासकीय राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. उच्चारायला एक क्षण लागलेला शब्द पुसायला किती कागद लागतात, याचा अनुभव आपल्यापैकी काहींना असेलही.

३.३.७ उपयोजन : लेखनात आणि भाषांतरात घ्यावयाची काळजी

अ) वृत्तलेखन : टाकून दिलेले स्त्री-अर्भक सापडले की मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'नकोशी सापडली' अशा प्रकारची रचना दिसते. लिहिणाऱ्याचा हेतू करुणा जागी करण्याचा असतो यात शंका नाही. पण विशेषणाचे नाम करून त्याने तीच क्रिया पुन्हा केलेली असते. टाकणारे मथळ्यातून निसटतात आणि बाळाला मात्र नाव मिळते, तेही तेच. 'नवजात मुलीला टाकून पालक पसार' या मथळ्यात दोषाचे शब्द दोष करणाऱ्याशी जोडलेले राहतात.

आ) 'टाकलेली' हा शब्द : नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला आपल्याकडे 'टाकलेली' म्हणतात. याची रचना 'अनवाँटेड'सारखीच कर्मणी धातुसाधिताची आहे. कोणी टाकली, का टाकली, हे प्रश्न शब्दातच गिळले जातात. त्याऐवजी 'परित्यक्ता' म्हटले तर शब्द सभ्य होतो, पण रचना तीच राहते. संस्कृत शब्द योजल्याने प्रश्न सुटतोच असे नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

इ) 'तरीही' ची योजना : २०१६ मध्ये एका मराठी वाहिनीवर 'नकुशी... तरीही हवीहवीशी' या शीर्षकाची मालिका आली. 'नकोशी' आणि 'हवीशी' ही विरोधी जोडी येथे एकत्र आली आहे. 'तरीही' हे अव्यय दोन विरोधी विधानांना जोडते, म्हणून पहिले विधान खरे मानल्याशिवाय ते येऊ शकत नाही. उत्तरार्धातील माया खरी असली, तरी पूर्वार्धातील नकार मान्य करूनच ती व्यक्त होते.

ई) भाषांतर : 'अनवाँटेड'चे मराठी करताना प्रथम मूळ मजकुरात नापसंती कोणाची आहे ते शोधावे. ती एका व्यक्तीची असेल तर 'अमुक व्यक्तीला नको असलेला' अशी रचना करावी. सर्वमान्य निकाल अभिप्रेत असेल तर 'अनिष्ट' चालेल. कार्यालयीन मजकुरात 'अवांछित' योग्य ठरेल. मराठीत अनुभवकर्ता दाखवण्याची सोय इंग्रजीपेक्षा अधिक सहज आहे. भाषांतरकाराने ती वापरावी, इंग्रजीचे अनुकरण करून गमावू नये.

३.४ सारांश

'अनवाँटेड', 'अनिष्ट' आणि 'अवांछित' ही कर्मणी घडणीची विशेषणे असून त्यांत नापसंती बाळगणारी व्यक्ती अनुल्लेखित राहते. देशी मराठीतील 'नको' आणि 'नकोसा' यांच्या वाक्यांत ती व्यक्ती अनुभवकर्ता म्हणून उपस्थित असते. 'नकोशी' हा शब्द विधिविशेषणाकडून अधिविशेषणाकडे आणि तेथून विशेषनामाकडे गेला, तेव्हा अनुभवकर्ता, काळ आणि 'वाटणे' हे तिन्ही घटक क्रमाने गळून पडले, आणि दुसऱ्याच्या मनातील भाव मुलीची ओळख बनला. दगडू, भिकाजी ही नावे वरवर अशीच भासली तरी त्यांचा हेतू उलट आहे. नापसंतीचे कोणतेही विशेषण वाचताना किंवा लिहिताना 'हे कोणाला नको आहे?' हा प्रश्न विचारणे, हे या घटकाचे तात्पर्य आहे.

३.५ पारिभाषिक शब्द

अनुभवकर्ता : वाक्यातील भावना, इच्छा किंवा संवेदना जिला होते ती व्यक्ती.
धातुसाधित : धातूला प्रत्यय लागून तयार झालेला शब्द.
अधिविशेषण : नामापूर्वी येणारे विशेषण.
विधिविशेषण : नामानंतर येऊन विधान पूर्ण करणारे विशेषण.
अर्थपरिवर्तन : काळाच्या ओघात शब्दाच्या अर्थात होणारा बदल.

३.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) 'इष्' या धातूपासून 'अनिष्ट' हा शब्द तयार झाला आहे. आ) 'आई' ही या वाक्यातील अनुभवकर्ती आहे. इ) 'हवा' हा शब्द लिंगानुसार बदलतो.

३.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'नकोसा' आणि 'नावडता' या विशेषणांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'अनिष्ट' या शब्दाच्या अर्थपरिवर्तनाची दिशा सांगून तिची 'नकुशी' या नावाशी तुलना करा.
३. 'विशेषनामाला अर्थ नसतो' या मताची 'दगडू' आणि 'नकुशी' या नावांच्या आधारे चर्चा करा.
४. टिपा लिहा : अ) '-सा' प्रत्ययाचे उपयोग आ) कर्मणी धातुसाधित आणि कर्त्याचा अनुल्लेख.

३.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा वस्तीतील बोलण्यात स्त्रिया, वृद्ध, आजारी अथवा परगावाहून आलेली माणसे यांच्यासाठी वापरली जाणारी दहा नापसंतीदर्शक विशेषणे जमवा. प्रत्येक विशेषण ज्या वाक्यात ऐकले ते वाक्य लिहा. त्यात अनुभवकर्ता आहे की नाही याची नोंद करा, आणि नसेल तर तो घालून वाक्य पुन्हा लिहा. 'ती पांढऱ्या पायाची आहे' या वाक्याचे 'सासरच्यांना ती पांढऱ्या पायाची वाटते' असे रूप केल्यावर अर्थात काय फरक पडतो, हे नमुना म्हणून आधी पाहावे. नोंदवहीत कोणत्याही व्यक्तीचे नाव लिहू नये. आपण शब्द गोळा करत आहोत, माणसे नव्हेत, याचे भान ठेवावे.